थांब म्हणायची रीत

"सुहा... जलाल... या आता वर, पाणी गार झालं."

बाबांची ती हाक अजून माझ्या कानात आहे. आम्ही भावंडं लहान होतो, मीना या आमच्या बंदराच्या खडकांवरून पाण्यात उड्या घ्यायचो, आणि बाबा वर बसून जाळं सांधत असायचे. बाकीचे बाप किनाऱ्यावरून ओरडायचे, कुणी चप्पल उगारायचं. बाबा कधी ओरडले नाहीत. पाण्यातल्या माणसाला दचकवू नये, म्हणायचे, दचकला की हातपाय विसरतो. ते हळू हाक मारायचे, मग थोडं थांबायचे, मग पुन्हा. आम्ही तळाशी सापडलेले शिंपले नीट मुठीत धरून वर यायचो. एकही सांडायचा नाही.

त्या खडकांवर खेळलेला जलाल आता समुद्रात होता, आणि कुठे होता ते कुणाला माहीत नव्हतं.

आमच्या मोहल्ल्यातली माणसं, बायका, लेकरं घेऊन एक नाव सायप्रसच्या बाजूला निघाली होती. जलाल तिच्यात होता. दुसऱ्या दिवशी कुणाच्या तरी सॅटेलाइट फोनवरून यम्माला, आमच्या आईला, त्याचा निरोप आला, इंजिन बंद पडलंय, आम्ही ठीक आहोत, काळजी करू नका. त्यानंतर फोन मुका. सरकारी बोट एकदा जाऊन हात हलवत परत आली होती. यम्मा फोन मांडीवर घेऊन घरी बसली होती. रडत नव्हती, नुसतं पुटपुटत होती, मीनाच्या बायका जाळ्याला गाठी मारताना म्हणतात ते:

वाऱ्या रे वरल्या, नको येऊ धावत,
माझ्या लेकाचं शीड आहे जुन्या कापडाचं.
लाटे गं धाकटे, धर त्याला हातावर,
घरी आणून सोड, मग जा तू नाचत.

मी ज्या कचेरीत काम करते तिथे समुद्राची पाहणी होते. मासे पाळणाऱ्यांना पाण्याचं तापमान सांगायचं, हरवलेली जाळी, सांडलेलं तेल वाहत कुठे गेलं असेल ते शोधून द्यायचं. त्यासाठी एक प्रोग्रॅम आहे, रशादनं लिहिलेला. रशाद आमच्याच कचेरीत होता, जलालचा जिवलग, आता मॉन्ट्रियलला. त्या प्रोग्रॅमला सांगायचं की अमुक जागेवरून, अमुक वेळी, अमुक वेगानं नाव निघाली, तमुक वेळी इंजिन बंद पडलं. मग तो तिथे हजारो खोट्या नावा सोडतो. एकीला थोडा जास्त वारा, दुसरीला थोडा वेगळा प्रवाह. आणि त्या सगळ्या वाहत वाहत कुठे गोळा होतात ते मोजत बसतो. जितका वेळ मोजू द्याल तितका नकाशावरचा डाग लहान होत जातो.

आम्हाला लहान डाग हवा होता. कारण समुद्र मोठा आणि डिझेल थोडं.

रईस खिद्रनं आपली मासेमारीची बोट तयार ठेवली होती. रईस, म्हणजे बोटीचा तांडेल, आणि बाबांच्या तरुणपणापासूनचा जोडीदार. बंदरात सगळ्यांनी आपापल्या टाकीतून थोडं थोडं डिझेल काढून त्याला दिलं होतं, कुणी डब्यातून, कुणी पाण्याच्या बाटलीतून. तरीही एकच फेरी होणार होती. एकदा ज्या बाजूला गेलं, गेलं. तिथे नसतील तर दुसरीकडे वळायला थेंब नव्हता.

सकाळीच आमचा मोटरवाला अबू फैसल कचेरीचा जिना चढून आला. सरकारी वीज नसते तेव्हा अर्धा मोहल्ला याच्या जनरेटरवर जगतो, आणि आम्ही सगळे त्याला अम्मो, म्हणजे काका, म्हणतो.

"पोरी, जुहरच्या, दुपारच्या अजानला मोटर बंद करतोय," तो म्हणाला. "टाकीत जे राहील ते खिद्रच्या बोटीत. लोक शिव्या देतील, देऊ देत."

"अम्मो, अजून थोडा वेळ नाही चालणार? मोजून व्हायला संध्याकाळ होईल."

"संध्याकाळपर्यंत मोटर चालली तर बोट कशावर चालेल? तुझ्या अश्रूंवर?" मग त्याचा आवाज उतरला. "माझ्या बहिणीचा मुलगा आहे गं त्या नावेत. काय कमी आणि काय जास्त, मला समजत नाही. तूच सांग, आणि मी ऐकतो."

मी घड्याळाकडे पाहिलं. म्हटलं, जुहर.

तो गेला, आणि कचेरीत आम्ही तिघंच उरलो. मी, रईस खिद्र आणि बाबा. बाबा खिडकीजवळच्या खुर्चीत बसले होते, अंगात नुसता सदरा, खिडकीतून गार वारा येत होता तरी. कॉफी आणून दिली होती ती तशीच निवत होती. खिद्र येरझारा घालत होता.

"माझ्या बापाला ओलं बोट वर धरलं की कळायचं, जाळं कुठे गेलं," तो म्हणाला. "तुमच्या या पेटीला अर्धा दिवस लागतो. आणि वर वीजही खाते, जावयासारखी."

"मग धरा बोट वर, अम्मो, आणि सांगा जलाल कुठे आहे."

तो पुन्हा येरझारा घालू लागला. मला वाईट वाटलं, पण शब्द परत घ्यायला वेळ नव्हता.

बाबांनी मान वर केली. "सुहा, या मशीनला आपण सांगू तेवढंच कळतं, की पाण्याचं आपलं आपण कळतं?"

"पाण्याचं कळतं, बाबा. वारा, लाटा, प्रवाह, सगळं कळतं तिला."

"सगळं," बाबा म्हणाले, आणि पुन्हा खिडकीबाहेर पाहू लागले.

माझं सगळं लक्ष पडद्याकडे होतं. पुढच्या खिडकीत नकाशा, त्यावर लाल ठिपक्यांची गर्दी, खाली 'थांबवा' असं बटण. ते बटण दाबलं की तो मोजणं सोडतो, जे हाती लागलं ते नीट डिस्कवर उतरवतो आणि मग बंद होतो. मी ठरवलं होतं, अजानच्या थोडं आधी ते बटण दाबायचं.

आणि वेळ आली तेव्हा खिडकी गोठलेली निघाली.

इतके ठिपके रंगवता रंगवता तिचा जीव गेला होता. माऊसचं चक्र फिरत राहिलं. बटण दाबलं, दाबलंच जाईना. वर पांढुरकी साय धरली आणि मधोमध एक प्रश्न उमटला की हा प्रोग्रॅम प्रतिसाद देत नाही, बंद करू का वाट पाहू?

मी रशादला फोन लावला. तिकडे अजून उजाडलंही नसणार. त्यानं पहिल्याच घंटीला उचलला, म्हणजे झोपला नव्हता.

"बंद करू नकोस," मी पूर्ण सांगायच्या आधीच तो म्हणाला. "हात लावू नकोस त्या प्रश्नाला. ऐक. तुला दिसते ती खिडकी नुसती दुकानाची पाटी आहे. मोजणारा मागे बसलाय, वेगळा, त्याची स्वतःची एक काळी खिडकी आहे, पण ती लपवलेली. तो जिवंत आहे का बघ. टास्क मॅनेजर उघड."

उघडला. यादीत तो होता. प्रोसेसर पूर्ण तापलेला, मेमरी भरत चाललेली.

"मोजतोय," मी म्हणाले.

"शाब्बास त्याची. आता बघ, तिथे 'काम संपवा' असं लिहिलंय, तेही दाबायचं नाही. त्यानं तो मरेल. नुसता मरेल, काही न बोलता. सगळं त्याच्या डोक्यातच आहे, सुहा, कागदावर अजून एक ओळ नाही."

"असा कसा लिहिलास रे तू? मधे मधे उतरवत गेला असता तर काय बिघडलं असतं?"

"तेव्हा डिस्क इतकी हळू होती की..." तो थांबला. "नंतर शिव्या दे. आधी त्याला हाक मारूया."

हाक म्हणजे काय ते त्यानं भराभर समजावलं. चालू कामाला बाहेरून इशारा देता येतो. एक इशारा कंट्रोल आणि सी या बटणांचा. दुसरा ब्रेक नावाचा. असा इशारा मिळाला की मोजणाऱ्याला सवड मिळते, तो हातातलं नीट ठेवून उठू शकतो. पण काळी खिडकी लपलेली, मग बटणं दाबायची कुठे? म्हणून एक चिमुकला प्रोग्रॅम लिहायचा, त्यानं जाऊन त्या लपलेल्या खिडकीला स्वतःला जोडून घ्यायचं आणि तिथून हाक द्यायची.

"खिडकी बाहेर काढून तिची फुली दाबली तर?"

"तर तेही हाक मारणंच, पण मानेवर हात ठेवून. श्वास घेईपर्यंत वेळ मिळतो, मग उचलून फेकतात. याला खूप लिहायचंय, त्याला तेवढं पुरणार नाही. लिहायला घे."

तो सांगत गेला, मी लिहीत गेले. एकेक अक्षर दोनदा खोडत होते. खिद्र मागे येऊन उभा राहिला. त्याच्या अंगाला डिझेल आणि मिठाचा वास येत होता. कोपऱ्यात काक, झातरचा मसाला लावलेले पाव, आणून ठेवलेले, कुणी तोडलेसुद्धा नव्हते.

"झालं," मी म्हणाले, आणि सोडलं.

काहीच झालं नाही. म्हणजे झालं ते उलटंच. माझा चिमुकला प्रोग्रॅम क्षणात गळून पडला, आणि मोजणारा आपला मोजतच राहिला.

"काय लिहिलंस? वाच," रशाद म्हणाला.

वाचलं.

"अगं, सी पाठवलास. आणि कुणाला, तर शून्याला. शून्य म्हणजे त्या खिडकीत जेवढे आहेत तेवढ्या सगळ्यांना. तू स्वतः तिथे जाऊन बसलीस आणि सगळ्यांना म्हणालीस मरा, तर पहिली तूच मेलीस."

"आणि तो? त्यालाही गेली ना हाक?"

"गेली, पण सी त्याला ऐकू येत नाही. मी त्याला वेगळ्या गटात सुरू केलं होतं, म्हणजे कुणाचा चुकून हात पडला तरी तो मधे थांबू नये. वेगळ्या गटातले सीला बहिरे असतात. त्याला ब्रेकच पाठवावा लागेल, आणि त्याच्या नावानं, त्याच्या गटाच्या नंबरनं. मीच सांगायला हवं होतं. माझी झोप..."

बाहेर मशिदीच्या भोंग्यात कुणीतरी घसा साफ केला.

"रशाद, अजान होतेय."

"लिही. पळवू नकोस हात."

अजानच्या पहिल्या ओळीवर अबू फैसलनं मोटर बंद केली. आख्ख्या गल्लीचा घरघरणारा आवाज एकदम खाली बसला. दिवा गेला, पंखा गेला. टेबलाखालचा यूपीएस किरकिरायला लागला. त्याची बॅटरी जुनी, दर उन्हाळ्यात बदलायची म्हणायचो आणि राहून जायचं. ती किती वेळ धरेल ते तिचं तिलाही माहीत नव्हतं. पडदा तेवढा जिवंत होता, आणि अंधारलेल्या खोलीत त्याचा उजेड आमच्या तोंडांवर पडला होता.

"या रब," खिद्र पुटपुटला, "या लतीफ, या लतीफ."

मी सीच्या जागी ब्रेक लिहिलं. शून्याच्या जागी यादीतला त्याचा नंबर घातला. पुन्हा वाचलं. नंबराचे मधले दोन आकडे उलटे पडले होते, ते सरळ केले. सोडताना काय वाटलं सांगू? वाटलं, आपण एका आंधळ्या म्हाताऱ्याच्या खांद्यावर हात ठेवतोय, आणि तो दचकला तर त्याच्या मांडीवरचं सगळं धान्य जमिनीवर सांडणार आहे.

सोडलं.

यादीत प्रोसेसरचा आकडा उंच होता. तो हलला नाही. यूपीएस किरकिरत होता, आता जरा घाईनं. मग आकडा ढळला, आणखी ढळला, तळाला आला. मला वाटलं संपलं, मेला. इतक्यात पेन ड्राइव्हचा दिवा लुकलुकायला लागला. निकाल त्यावर उतरेल असं मी सकाळीच करून ठेवलं होतं.

"लिहितोय," मी म्हणाले. फोनवर पलीकडे रशाद मोठ्यानं श्वास सोडत होता.

"कुणी बोलू नका," खिद्र म्हणाला, जणू आवाजानं तो थांबला असता.

फाइल वाढत होती. घडा झिरपून भरावा तशी. यूपीएसची किरकिर एकसंध शिट्टी झाली, तेव्हा दिवा लुकलुकायचा थांबला आणि यादीतून त्याचं नाव गेलं, आपणहून, काम आवरून. मी पेन ड्राइव्ह उपटला. पडदा काळा झाला.

रशाद विचारत होता, "निघालं का? सुहा, निघालं का?" खिद्रनंच माझ्या हातातून फोन घेतला. "निघालं, बेटा. आईनं तुला दूध पाजलं ते वाया गेलं नाही. झोप आता."

"कशी झोप, अम्मो. फोन असाच चालू ठेवा," रशाद म्हणाला.

लॅपटॉपच्या बॅटरीवर मी निकाल उघडला. डाग लहान होता. मी मनात धरला होता त्याहून लहान. बंदरासमोरच्या बेटांच्या पार पश्चिमेला, सायप्रसकडे जाताना जरा खाली, लाल रंगाचं एक थारोळं, डाळिंबाचा दाणा चिरडावा तसं. तिथे माझा भाऊ होता. मी पडद्यावर बोट ठेवलं, आणि काढवेना.

खिद्रनं खिशातून चष्मा काढला. जागा पाठ करत असल्यासारखे त्याचे ओठ हलले. "आत्ता निघालो तर अंधार पडायच्या आत पोचतो," तो म्हणाला. "परत यायला पुरेल न पुरेल, पण तिकडे नक्की पोचतो. अबू जलाल," तो बाबांकडे वळला, "चल, दोर सोडायला तरी ये. पोरगं सापडलं की पहिली थोबाडीत तू मार, दुसरी मी मारतो."

बाबा उठले नाहीत.

"अबू जलाल?"

बाबा उठले, पण दाराकडे गेले नाहीत. टेबलाशी आले आणि त्या लाल डागाकडे पाहत राहिले. इतक्या वेळात पहिल्यांदाच पाहत होते. मग त्यांनी आपला पंजा त्यावर ठेवला, सगळा डाग झाकला.

"हे सगळं मशीनला कळलं म्हणालीस," ते म्हणाले.

"हो, बाबा."

"निघाले कुठून, ते तिला कुणी सांगितलं?"

"मी. कॉर्निशखालच्या, किनाऱ्याच्या रस्त्याखालच्या खडकांवरून, रात्री इशाच्या नमाजनंतर. सगळेच तसं म्हणतात. तुम्हीच तर म्हणालात. तुम्ही अडवायला गेलात, त्यानं ऐकलं नाही..."

बोलता बोलता माझा आवाज मला दुसऱ्या कुणाचा वाटला. मला आठवलं, मोहल्ल्यातल्या प्रत्येक घरानं हीच जागा सांगितली होती, हीच वेळ, याच शब्दांत. नाव सोडणाऱ्यांनी सगळ्यांना पढवून ठेवलं होतं, म्हणजे पोलीस कुणाच्या दारी येऊ नयेत. आणि ज्यांनी आपलं माणूस डोळ्यांनी निघताना पाहिलं नव्हतं, त्यांना हे पढवलेलंच खरं झालं होतं. मलाही.

"बाबा, तुम्ही होतात ना तिथे?"

त्यांनी डागावरून पंजा काढला. खिद्रचा चेहरा लाल झाला होता. "अरे बोल ना," तो म्हणाला, "माझ्या बोटीत लोकांच्या चुलीचं डिझेल आहे. तोंडात काय दगड भरलेत? बोल, नाहीतर..." त्यानं बाबांचा दंड धरला, आणि बाबांची मान खाली गेली, खांदे आत ओढले गेले, ओठ असे मिटले की आता कधी उघडणार नाहीत.

मी खिद्रचा हात हळूच बाजूला केला. मलाही ओरडायचं होतं. पण ओरडले नाही. बाबांची कॉफी उचलून टेबलावर ठेवली, खुर्ची ओढली, त्यांना बसवलं आणि समोर जमिनीवर बसले. त्यांचे हात हातात घेतले. समुद्रावरच्या माणसाचे हात, दोरानं कातलेले, आणि बर्फासारखे गार.

"बाबा," मी म्हणाले. थोडं थांबले. "बाबा, तो कुठे आहे?"

पलीकडे फोनवर रशाद अजून होता. खाली गल्लीत लोक डबे घेऊन बंदराकडे चालले होते, त्यांची पावलं ऐकू येत होती.

बाबा बोलले ते माझ्याकडे न बघता, आपल्या हातांना सांगितल्यासारखं.

"अब्देहून निघाले ते. वरून, उत्तरेकडून. इशाला नाही, पहाटे, फज्रच्या नमाजच्या आधी. मोठी नाव बाहेर उभी होती, तिला किनाऱ्याला यायची भीती, म्हणून माणसं नेऊन घालायला छोटी होडी हवी होती. जलाल माझ्याकडे आला. म्हणाला, परका कुणी नेईल तर बुडवेल, तुम्ही न्या. मी नेलं, खिद्र. माझ्याच होडीतून, दोन खेपा. लेकरं मी माझ्या हातानं वर चढवली. जलाल सगळ्यांत शेवटी. त्याला थंडी वाजत होती, मी माझा कोट काढून दिला. वारा जमिनीकडून सुटला होता, तोंड वायव्येला केलं होतं त्यांनी. आणि सुहा, तुझ्या आईला मी सांगितलं की मी अडवलं. मी अडवलं नाही. तो म्हणाला, बाबा, जाऊ ना? आणि मी म्हटलं, जा, वारा चांगला आहे."